अनुकूल बाजू

चिठ्ठी उलगडली आणि मालनला आधी हसूच आलं. ‘अनुकूल’. म्हणजे येत्या शनिवारी नाशिकातल्या झाडून साऱ्या कॉलेजांच्या पोरांसमोर उभं राहून तिनं देव आहे हे सिद्ध करायचं!

वादविवाद स्पर्धेचा विषय होता ‘ईश्वराचे अस्तित्व तर्काने सिद्ध होते’. प्रत्येक कॉलेजातून दोघं जायचे, एक अनुकूल, एक प्रतिकूल. कुणी कुठली बाजू घ्यायची यावरून भांडण नको म्हणून वत्सलाबाईंनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. बाई तत्त्वज्ञान शिकवायच्या. दिसायला लहानखुऱ्या, आवाज बारीक, पण बोलायला लागल्या की मागच्या बाकावरचे पेंगणारेही सावरून बसत. त्यांनी मालनच्या हातातली चिठ्ठी वाचली आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“बदलून देऊ?”

“नको बाई. आली ती आली.”

बाईंनी विचारलं त्याला कारण होतं. मालनचं घर एकलहऱ्याला, वीज केंद्राच्या वसाहतीत. वडील पुंजाराम कोळसा विभागात कामाला. छप्पन साली दीक्षा घेतलेलं कुटुंब. घरातले देवांचे टाक नि देव्हारा पुंजारामनं स्वतःच्या हातानं गंगेत, म्हणजे गोदावरीत, सोडलेले. मालन त्यानंतर तीन वर्षांनी जन्मली. तिनं घरात देव कधी पाहिलाच नव्हता. भिंतीवर बुद्ध होता, बाबासाहेब होते, आणि त्या दोघांच्या मधोमध कॅलेंडर. त्यात हे साल एकोणऐंशी. मराठवाड्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून वस्त्या पेटल्या त्याला अजून सहा महिनेही झाले नव्हते. परभणीकडची सोयऱ्यांची दोन घरं त्यात गेली होती.

घरी सांगितलं तेव्हा पुंजाराम जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला.

“देव आहे म्हणून सांगणार? तू?”

“वादात बाजू घ्यावी लागते, दादा.”

“बाजू वकील घेतो. पैसे घेऊन. बावीस प्रतिज्ञा पाठ केलेलं तोंड आहे तुझं.”

“बुद्धानंच सांगितलंय ना, तपासल्याशिवाय काही मानू नका? समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडता आली नाही तर मी तपासणार तरी काय?”

“तपासून झालंय,” पुंजाराम म्हणाला. “दोन हजार वर्षं आपल्या पाठीवर तपासलंय. आता आणखी काय राहिलं?”

पण मालन माघार घेणाऱ्यातली नव्हती. आठ दिवस ती कॉलेजच्या लायब्ररीत बसून जुन्या नैयायिकांचे, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांचे, युक्तिवाद उपसत राहिली. तिथं तिला एक गंमत सापडली. ज्या पंडितांनी देव सिद्ध करायला एवढी बुद्धी झिजवली, ते भांडत होते बौद्धांशी. शेकडो वर्षं हा वाद पेटलेला होता आणि त्यातल्या एका बाजूला तिचीच माणसं बसली होती. कुणी शिकवलंच नव्हतं हे. तिला वाटलं, आपण परक्याच्या वाड्यात चोरून शिरलो आणि आत आपलीच भांडी मांडलेली दिसली.

स्पर्धेत ती अशी बोलली की परीक्षकांनी लिहायचं थांबवलं.

“मडकं दिसलं की कुंभार होता हे कळतं,” तिनं सुरुवात केली. “कुंभार मी पाहिला नाही. पण माती आपण होऊन मडकं होत नाही, एवढं मला माहीत आहे. जग मडक्यासारखंच आहे. जुळवलेलं, घडवलेलं, एके दिवशी फुटणारं. मग त्याचा घडवणारा मी का मानू नये?”

प्रतिकूल बाजूच्या एका मुलानं ताडकन विचारलं, “रानातलं गवत कोण पेरतं? ते आपोआपच उगवतं ना?”

“गवताला घडवणारा आहे की नाही हाच तर आपला वाद आहे,” मालन म्हणाली. “ज्याचा निकाल लागायचाय त्यालाच साक्षीदार म्हणून उभं करता येत नाही.”

“मग देवाला कुणी घडवलं?”

“घडवलेल्या वस्तूला घडवणारा असतो, असं मी म्हटलं. जे घडलेलंच नाही त्याला घडवणारा शोधा असं मी म्हटलेलं नाही. माझं वाक्य नीट ऐका.”

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. ढाल तिला मिळाली. आणि सोमवारच्या स्थानिक वर्तमानपत्रात मथळा आला, ‘बौद्ध कन्येने सिद्ध केला ईश्वर’.

तो अंक वसाहतीत हातोहात फिरला. पाळीवर पुंजारामला कुणीतरी विचारलं, “काय मग, सत्यनारायण कधी?” पुंजाराम घरी आला, डबा ठेवला, आणि त्या दिवसापासून त्यानं लेकीशी बोलणं टाकलं. पाणी हवं असलं तरी बायकोला सांगायचा, तिला सांग म्हणून. मालन समोर उभी असायची.

घरात मोकळं बोलायला तेवढे आजोबा उरले. सहादूबाबा सत्तरीला टेकलेले. तीस साली काळारामाच्या दारी सत्याग्रहाला उभे होते, तेव्हा कानशिलावर बसलेल्या दगडानं त्यांचा डावा कान कायमचा गेला होता. म्हणून ते मान उजवीकडे वळवून ऐकायचे.

“जिकली ना?” ते म्हणाले. “मंग झालं. तुझ्या बापाला जिकल्याचं बी दुखतं आन हरल्याचं बी.”

प्रकरण इथंच थांबलं असतं. पण त्याच शनिवारी खंडेरावशेठ मोटारीतून वसाहतीत आले. लासलगावच्या बाजारात त्यांची कांद्याची मोठी आडत होती आणि गंगेकाठच्या एका महादेवाच्या संस्थानाचे ते अध्यक्ष होते. स्पर्धेची ढालही त्यांनीच ठेवलेली. शिवरात्रीच्या उत्सवात मालननं तेच भाषण सभामंडपात करावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

“शब्दन्‌शब्द तेच,” ते खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले. समोर ठेवलेला चहा त्यांनी घेतला नाही. शनिवार आहे, उपास, म्हणाले. “आपल्या लोकांनी देव सोडला, पण देवानं आपल्या लेकरांना सोडलं नाही. हे तुझ्या तोंडून ऐकलं तर किती जणांचे डोळे उघडतील!”

पुंजाराम उठून बाहेर निघून गेला. मालन म्हणाली, विचार करून कळवते.

मोटार गेल्यावर सहादूबाबा म्हणाले, “माझ्या टायमाला दार बंद व्हतं. आता दारात मोटार पाठवून बोलावत्यात. बदल झाला म्हनायचा.”

“जाऊ का मी, बाबा?”

“मला काय इचारती? आम्ही गेलो तवा बी घरच्यांनी नको म्हनलं व्हतं. फकस्त एक हाय. आम्ही तिथं देवाच्या पाया पडाया गेलो नव्हतो. आमी मानसं हाये, एवढं सांगाया गेलो व्हतो. तू काय सांगाया जाशील, ते जाताना ठरव. तिथं गेल्यावर नको.”

दुसऱ्या दिवशी मालन वत्सलाबाईंच्या घरी गेली. रविवार कारंज्याजवळच्या गल्लीत दोन खोल्यांत बाई एकट्या राहायच्या. यजमान लवकर गेले होते, मूलबाळ नव्हतं. मालन गेली तेव्हा बाई देवापुढे निरांजन लावत होत्या. मालन उंबऱ्यातच थबकली. वर्गात याच बाई एकेक सिद्धता हातात घेऊन कांद्यासारखी सोलायच्या, शेवटी हातात काही उरायचं नाही.

“आत ये. संपलंच माझं.”

“बाई, खरं सांगा. त्या सिद्धतांमधली एक तरी तुम्हाला पटते?”

“एकही नाही.”

“तरी हा दिवा?”

बाई हसल्या. “सिद्धता पटली म्हणून मी लावायला लागले नव्हते. मग ती कोसळली म्हणून का बंद करू? हे गेले तेव्हा माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं, मालन. एका ओळीत लिहून काढता येईल असा युक्तिवादही नव्हता. संध्याकाळी हात आपोआप काडेपेटीकडे जायचा, बस.”

मालनला ते आवडलं आणि त्याचाच राग आला.

“माझ्या आजोबांना ज्यानं दगड मारला, त्याचेही हात असेच आपोआप गेले असतील. त्याचीही श्रद्धाच होती ना? तुमची श्रद्धा तर्काला जुमानत नाही, त्याचीही जुमानत नव्हती. मग त्याला कुणी कसं अडवायचं?”

निरांजनाची वात बाईंनी उगाचच पुढे सारली.

“याचं उत्तर माझ्याजवळ नाही,” त्या म्हणाल्या. “विचारायचंच असेल तर जिथं विचारायला हवं तिथं विचार. मी पहिल्या रांगेत येऊन बसते.”

त्याच गल्लीतून परत निघताना मालनचं ठरलं.

शिवरात्रीला सभामंडप माणसांनी फुलला होता. मालन आईची पांढरी साडी नेसून आली होती. पुंजाराम आला नाही. सहादूबाबा मात्र दाराजवळच्या खांबाला टेकून बसले, चांगला कान व्यासपीठाकडे करून. गुरवानं तीर्थ वाटताना मालनच्या तळहातावर पळी हातभर उंचावरून रिकामी केली. अर्धं पाणी साडीवर सांडलं. पहिल्या रांगेतून वत्सलाबाईंनी ते पाहिलं, खंडेरावांनीही पाहिलं, आणि माइकसमोर जाऊन ते म्हणाले, “आता कुठं राहिलाय भेदभाव?”

मालन उभी राहिली. मडकं आणि कुंभार, गवत आणि साक्षीदार, सगळं तिनं ठरल्याप्रमाणे मांडलं. कुठंही काटछाट केली नाही, उलट त्या दिवशीपेक्षा रंगून बोलली. लोक माना डोलावत होते. खंडेराव शेजारच्याकडे बघून, काय म्हटलं होतं मी, अशा नजरेनं हसत होते.

“झाला कुंभार सिद्ध,” ती म्हणाली. “आता किती सिद्ध झाला ते पाहू. मडक्यावरून कुंभार होता एवढं कळतं. तो एक होता की चौघं भाऊ होते, हे मडकं सांगत नाही. तो अजून जिवंत आहे का, हेही नाही. तो दयाळू होता की तापट, हेही नाही. आणि कुंभार होता म्हणून रोज सकाळी कुणी कुंभाराची पूजा करत नाही. म्हणजे मी सिद्ध केला तो देव आणि या गाभाऱ्यातला तुमचा देव यांची अजून ओळखही झालेली नाही.”

मंडपात चुळबूळ झाली.

“आणखी एक. मडकं कुणी शिवायचं नाही, हे कुंभारानं कधी सांगितलं नाही. ते पाणवठ्यावर बसलेल्यांनी सांगितलं. कुठल्याही सिद्धतेच्या कुठल्याही पायरीवर मला तो हुकूम सापडला नाही. तुम्हाला सापडला असेल तर दाखवा.”

“विषयावर बोल, बाळ,” खंडेराव बसल्या जागेवरून म्हणाले.

“विषयावरच बोलते आहे, शेठजी. तुम्ही तरी त्या युक्तिवादानं देव मानायला लागलात का? आईच्या कडेवर बसून तुम्ही हात जोडलेत. इथल्या कुणालाच सिद्धता लागली नव्हती. ती आज एकाएकी लागली, कारण ती माझ्या तोंडून हवी होती. देवासाठी नाही, आमच्यासाठी. आम्ही चुकलो हे आमच्याच पोरीनं सांगावं म्हणून.”

“सरळ सांग!” मागून एक जण ओरडला. “तू देव मानतेस की नाही?”

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. तिनं दाराकडे पाहिलं. सहादूबाबांचा चांगला कान तिच्याकडे वळलेला होता.

“नाही,” ती म्हणाली. “वाद मी जिंकून दाखवला. हात मी जोडणार नाही.”

एकच गलका उठला. खंडेरावांनी खूण केली आणि माइक बंद झाला. मालन पुढं आली आणि घसा ताणून बोलू लागली. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक म्हातारी उठली. कुसाबाई तिचं नाव. देवळाबाहेर बेल विकायची, साऱ्यांना माहीत होती. ती उठली तशी माणसं जरा गप्प झाली.

“आन तुझं लेकरू आजारी पडलं म्हंजी? तवा कुनाला हाक मारशील?”

“डॉक्टरला,” मालन म्हणाली. काही पोरं हसली.

“म्या बी डाक्टरकडंच नेलं व्हतं,” कुसाबाई म्हणाली. “समद्यात मोठ्या डाक्टरकडं. नाय वाचलं.”

हसणं जागच्या जागी विरलं. मालनच्या तोंडाशी आलेली वाक्यं होती, धारदार, आठ दिवस परजलेली. त्यातलं एकही तिला काढवेना. ती व्यासपीठावरून खाली उतरली आणि कुसाबाईसमोर जाऊन उभी राहिली.

“तुमच्याशी माझा वाद नाही, आजी.”

“मंग कुनाशी हाय?”

मालननं वळून व्यासपीठाकडे बोट केलं. कुसाबाईनं बोटाच्या रोखानं पाहिलं, पुन्हा मालनकडे पाहिलं.

“मला तुझं पटलं नाय,” ती म्हणाली. “पन तोंड दाबून बसवायचं व्हतं तर बोलावली कशाला पोरीला?”

आणि ती खाली बसली.

तिसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मालनला बोलावून घेतलं. खोलीत खंडेराव होते, वत्सलाबाई होत्या आणि दाराशी पुंजाराम उभा होता. त्याला शिपाई पाठवून कामावरून बोलावलं होतं. नखांत कोळसा तसाच. खंडेरावांनी त्याला मोठ्या आदरानं खुर्ची दिली.

“तुम्हालाही पोरीचं वागणं पसंत नाही, हे कळलंय आम्हाला,” ते म्हणाले. “बापाचा शब्द तिला मोडता येणार नाही. लेखी माफी द्यायला सांगा, ढाल परत करायला सांगा. आम्ही विसरून जातो.”

पुंजाराम खुर्चीवर बसला नाही.

“शेठ, ही देव आहे म्हणाली तेव्हा मी हिच्याशी बोलणं टाकलं,” तो म्हणाला. “महिना होत आला. नाही म्हणाली म्हणून तुम्ही माफी मागायला लावता. रस्ताभर मी तोच विचार करत आलो. तुमच्यात नि माझ्यात फरक काय राहिला मग?” तो जरा थांबला. “मला तो फरक पाहिजे. म्हणून मी सांगणार नाही तिला काही.”

मालननं वडिलांकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत नव्हते.

“माफी मी द्यायला तयार आहे, सर,” ती प्राचार्यांना म्हणाली. “माझ्या बोलण्यातली कुठली पायरी चुकली ते दाखवा, इथंच लिहून देते. आणि ढाल मी अनुकूल बाजू मांडून मिळवली. त्यातला एकही शब्द मी मागं घेतलेला नाही. मग परत का करू?”

प्राचार्य वत्सलाबाईंकडे वळले. “बाई, तुम्ही तरी समजवा. तुम्ही तर नेमानं देवाधर्माचं करणाऱ्या.”

“म्हणूनच सांगते,” वत्सलाबाई म्हणाल्या. “हिच्या ‘नाही’नं माझ्या घरातला दिवा विझलेला नाही. ज्यांचा विझला असेल त्यांनी तेल तपासावं. आणि हिच्याकडून माफी घेणार असाल तर माझंही नाव खाली घाला. तर्क मी शिकवलाय.”

खंडेराव उठून गेले. मालनला काढून टाकलं नाही. तेवढा धीर प्राचार्यांना झाला नसावा. पण त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी तिला एकाही स्पर्धेला पाठवलं नाही, आणि तिच्या पदवीनंतर तत्त्वज्ञानाचा वर्ग विद्यार्थी नाहीत म्हणून बंद झाला. वत्सलाबाईंना उरलेली वर्षं पहिल्या वर्षाला नागरिकशास्त्र शिकवावं लागलं. मालन पुण्याला गेली, एम.ए. झाली, आणि ब्याऐंशी साली नाशिक जिल्ह्यातल्या पेठला शिकवायच्या नोकरीला लागली. तिथली डोंगरातली पोरं पहिल्या दिवशी विचारत, “बाई, तुम्ही देव मानता का?” ती म्हणे, “नाही. आता तुम्ही मला चूक ठरवा.”

पण त्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीतून बाप-लेक बाहेर पडले तेव्हा यातलं सगळं अजून घडायचं होतं. दोघं नाशिकरोडच्या बसला उभे राहिले. बस आली, भरलेली होती, दोघांना लांब लांब जागा मिळाली. द्वारका चौक मागं पडल्यावर मालनच्या शेजारची जागा रिकामी झाली आणि पुंजाराम येऊन बसला.

“रविवारी विहारात ये,” तो समोर बघत म्हणाला. “माणसं विचारतात. तूच सांग त्यांना काय झालं ते.”

“येते. पण मी त्यांनाही प्रश्न विचारीन, दादा.”

“कसला?”

“जे मानता ते तपासून मानता, की भिंतीवर फोटो आहे म्हणून मानता?”

पुंजाराम तिच्याकडे वळला. महिनाभरात पहिल्यांदाच.

“शिव्या खाशील.”

“खाईन.”

रविवारी तिनं विचारलंच. तिघं जण उठून गेले, एकानं तिला देवळातून पढवून पाठवलेली म्हटलं. वंदनेनंतर मांडलेला चहा निवला तरी कुणी त्याला हात लावला नाही. पुंजाराम तिच्या म्हणण्यातली निम्मी वाक्यं खोडून काढत होता, चढ्या आवाजात, साऱ्यांदेखत, आणि प्रत्येक वेळी उत्तराची वाट बघत होता.